बिनचमकीचा काळा रंग

गाडीला मॅट काळा रंग घरीच देता येईल का, असे कळंबमध्ये मला बरेच जण विचारतात. देता येतो, पण पावसाळ्यात नको. थिनर उडून जाताना पत्रा गार होतो, आपल्याकडच्या दमट हवेतले बाष्प त्यावर धरते आणि काळ्यावर पांढुरकी झाक येते. थंडीत, दव वाळल्यावर अकराच्या सुमारास काम काढावे.

हा रंग चकाकत नाही, कारण त्यातली बारीक सिलिका पृष्ठभाग खरखरीत ठेवते आणि प्रकाश विखुरतो. ही पूड तळाशी बसते, म्हणून डबा चांगला ढवळावा. आधी गंज खरवडून, पॉलिश पेपर मारून प्रायमर द्यावा. रंगाच्या एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. पुढे पॉलिशचा मोह मात्र सोडाच. घासाल तेवढीच जागा चकाकेल!

हार्डनर मिसळायचा रंग घरी फवारू नये, हे मी आग्रहाने सांगतो. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि नाकाला बांधलेला रुमाल तिथे कुचकामी ठरतो. शिवाय आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते, तेव्हा आधी आरटीओत चौकशी करावी.