भंगाराचा भाव आणि कलेचे मोल

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. २००५ च्या जुलै महिन्यातही महाडकरांनी असाच प्रलय अनुभवला होता. पूर ओसरला म्हणजे गावात दोन कामे एकदम सुरू होतात. एक चिखल उपसण्याचे आणि दुसरे भंगार घालण्याचे. गंजलेले कपाट, शिवणयंत्र, पंखा, छपाईचे यंत्र, सारे एकाच तराजूत पडते आणि लोखंडाच्या एकाच भावाने जाते. त्या वस्तूने किती वर्षे, कोणाचा संसार चालविला याची नोंद ठेवण्याची सोय तराजूत नसते.

पूर जे एका रात्रीत करतो, ते तंत्रविद्येतील बदल पाच-दहा वर्षांत करतो. चित्रपटव्यवसायाची गेल्या दोन दशकांतील कहाणी याचे ठळक उदाहरण आहे. २००५ नंतर आपल्याकडे उपग्रहामार्फत चित्रपट पोहोचविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. २०११ मध्ये आरी या जर्मन कंपनीने फितीवर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबविले, जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकवर दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेण्याची पाळी आली आणि २०१३ मध्ये फुजीने चित्रीकरणाची फीत बनविणे बंद केले. गावोगावच्या चित्रपटगृहांतील प्रोजेक्टर चालते असूनही निकामी ठरले. यंत्र बिघडले नव्हते. त्याला लागणारी फीतच येईनाशी झाली होती.

आता याच यंत्रांना दुसरा जन्म लाभत आहे. मुंबईच्या चोरबाजारात जुने कॅमेरे आणि प्रोजेक्टर शोधणारे शौकीन येतात. लाकडी तिपाईवर दिवा बसवून ती दिवाणखान्यात उभी केली जाते. प्रोजेक्टरचे धूड घासूनपुसून, चबुतऱ्यावर चढवून कलादालनात मांडले जाते. चित्रपटाचे यंत्र आता स्वतःच चित्र झाले आहे. या घटनेचे स्वागत करावे की खेद मानावा, असा प्रश्न कोणालाही पडावा.

कलेच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. मार्सेल द्युशाँ याने १९१७ साली मुतारीचे एक भांडे सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे पाठविले. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची बैठक आणि तिचा दांडा जोडून बैलाचे मस्तक साकारले. चंदीगडमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे जमवून उभारलेली बाग १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. टाकाऊ वस्तूला नवा अर्थ देणे हे कलावंताचे काम आहे आणि कलावंताच्या हाती पडलेले यंत्र निदान भट्टीत वितळण्यापासून वाचते, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास या व्यवहारात एक बोचणारी विषमता दिसते. समजा, शंभर किलो वजनाचा प्रोजेक्टर किलोला तीस रुपये या भावाने विकला गेला; मूळ मालकाच्या हाती तीन हजार रुपये पडले. तेच यंत्र पुढे कलावस्तू म्हणून लाखाला गेले, तर मधल्या सत्त्याण्णव हजारांचे धनी कोण? व्यापारी, दालनचालक आणि कलावंत. कायदाही याच बाजूने उभा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३अ हे कलम आले. त्यानुसार मूळ चित्र वा शिल्प दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास कलावंताला त्या किमतीत जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. तरतूद न्याय्य आहे. परंतु ज्या ऑपरेटरने तीस वर्षे तेलपाणी करून ते यंत्र जिवंत ठेवले, त्याच्या श्रमाला या हिशेबात रकानाच नाही.

आणि ते श्रम सामान्य नव्हते. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांस चार-चार छिद्रे असतात. सेकंदाला चोवीस चौकटी या गतीने फीत सरकते, प्रत्येक चौकट क्षणभर थांबते आणि पुढे जाते. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते. पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून ऑपरेटर ऐनवेळी दुसरे यंत्र सुरू करी. प्रेक्षकांना सांधा कळत नसे. जुन्या यंत्रांत प्रकाशासाठी दोन कार्बनच्या कांड्या जळत. त्या झिजत तसतसे त्यांच्यातील अंतर हाताने राखावे लागे. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. ती हातात होती आणि हात थकले की तीही जाते.

पोलादपूरसारख्या डोंगरी तालुक्याला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. येथली कित्येक घरे मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. मागांचे भंगार झाले आणि गिरण्यांच्या जागेवर मनोरे उठले. माग चालविणाऱ्याच्या बोटांतील कसब कोणी विकत घेतले नाही. प्रोजेक्टरचे आणि मागाचे प्राक्तन एकच आहे. यंत्राला निदान लोखंडाचा भाव येतो. कसबाला तेवढाही येत नाही.

महाराष्ट्रातील फिरत्या तंबू-सिनेमाची अखेर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटाने टिपली आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या या कृतीची कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक वयोवृद्ध कारागीर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रे दुरुस्त करता करता त्याने स्वतःच्या कल्पनेने एक नवा प्रोजेक्टर घडविला. पण तोवर त्याला गिऱ्हाईक उरले नव्हते. कलादालनातील चकचकीत यंत्राशेजारी असा माणूस उभा करता येत नाही, हीच खरी उणीव आहे.

महाराष्ट्रात यंत्र आणि कला यांची फारकत मुळात नव्हतीच. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. पडदे रंगविणाऱ्या हातांनीच लोखंड कानसले. त्या कॅमेऱ्याचे मोल त्याच्या पितळेत नव्हते.

जतनाचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. मुंबईत गुलशन महाल येथे १९ जानेवारी २०१९ रोजी भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. परंतु महानगरातील एका संग्रहालयाने खेड्यापाड्यांतील आठवणींचा भार उचलावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळून गेला. सारी ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये, हा सावकारीतला साधा नियम येथेही लागू पडतो.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाने किंवा सार्वजनिक वाचनालयाने एक तरी प्रोजेक्टर भंगाराच्या भावाहून थोडे अधिक देऊन घ्यावा आणि तो चालत्या स्थितीत ठेवावा. पूररेषेच्या वर, माडीवर ठेवावा, हे महाडपुरते वेगळे सांगावयास हवे. जुन्या ऑपरेटरांना बोलावून त्यांचे अनुभव ध्वनिमुद्रित करण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे आणि त्या वृद्धांना त्याचे मानधन मिळावे. कलावंतानेही अशा यंत्राचे शिल्प करताना ते कोणत्या गावचे आणि कोणी चालविले, एवढे दोन ओळींत नोंदविले, तर त्याच्या कलेला कमीपणा येणार नाही.

स्थळाचे मोल कशाने ठरते हे महाडला कोणी शिकवावयास नको. चवदार तळ्यासारखी तळी महाराष्ट्रात पुष्कळ असतील. १९२७ साली त्या काठावर माणसांनी जे केले, त्याने ते तळे इतिहासात गेले. यंत्रांचेही, आपल्या लहानशा पायरीवर, तसेच आहे. ज्या हातांनी ती चालविली, ते हात अजून काही वर्षे आपल्यात आहेत. तेवढ्यात त्यांना विचारून घेतले पाहिजे.