पितळेतलं पळपुटं जस्त

घरात आजीचं पितळेचं पातेलं असेल तर मुलांना बोलावून फडताळातून खाली काढा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, हे शाळेत सांगतात. पण यातलं जस्त सुटं मिळवणं किती अवघड होतं, ते सहसा कोणी सांगत नाही.

लोखंड मिळवायचं तर खनिज कोळशासोबत तापवतात. कोळशामुळे खनिजातला ऑक्सिजन निघून जातो, धातू भट्टीत उरतो. जस्ताच्या खनिजाला यासाठी साधारण 1000 अंश सेल्सियसच्या वर तापवावं लागतं. आणि जस्त उकळतं 907 अंशांना! म्हणजे धातू सुटताक्षणीच त्याची वाफ होते. हवा लागली की ती जळते आणि पांढरी भुकटी उरते.

मग जुने कारागीर पितळ कसं करायचे? बंद मुशीत तांबं, जस्ताचं खनिज आणि कोळसा एकत्र तापवायचे. वाफ तांब्यातच मुरायची. पितळ मिळायचं, पण सुटं जस्त नाही.

यावर तोड निघाली राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरला. तिथे मातीची, वांग्याच्या आकाराची मूस खनिज आणि कोळशाने भरत. तोंडाला नळी बसवून आत एक काडी खोचत आणि मूस चक्क उलटी ठेवत. वर आग, खाली थंड कप्पा. काडी जळून गेली की वाफेला वाट मोकळी. वाफ खाली उतरायची, निवायची आणि जस्ताचे थेंब जमायचे. एका भट्टीत अशा 36 मुशी!

याचं तत्त्व घरी दाखवता येतं. पाणी उकळताना झाकण ठेवा, मग उचलून त्यावरचे थेंब मुलांना दाखवा. (प्रयोग फक्त पाण्याचा, धातू तापवायचा नाही.)

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त मिळवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. जावरच्या भट्ट्या त्याच्या काही शतकं आधीच्या.

हे आपल्याला नेमकं कळलं, कारण 1980च्या दशकातल्या उत्खननात त्या भट्ट्या मुशींसकट जागच्या जागी सापडल्या. मूस कुठे होती, उलटी होती की सुलटी, यावरच सगळा उलगडा झाला. म्हणून जुन्या जागी फिरायला गेलात आणि मुलांना एखादं खापर दिसलं, तर हवे तेवढे फोटो काढा. पण ते खिशात घालून घरी आणू नका. जागेवरून हललं की त्यातली अर्धी माहिती गेलीच म्हणून समजा.