सिग्नलला दोन रुपये

नवी सेडान घेतलेल्यांचा तीन-चार महिन्यांनी ठरलेला प्रश्न येतो. कंपनीच्या कागदावर लिटरला १९ किलोमीटर लिहिलंय, मला पुण्यात ऑफिसला ये-जा करताना ११ च्या वर मिळत नाही. गाडीत काही फॉल्ट आहे का? सर्व्हिस सेंटरवाला स्कॅनर लावतो, सगळं ओके आहे म्हणतो आणि ‘साहेब, चालवण्यावर असतं’ एवढं ऐकवून बोळवण करतो. त्याचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच.

आधी त्या १९ चं बघू. आपण त्याला सरसकट ‘एआरएआयचं मायलेज’ म्हणतो, कारण अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत आपल्या ओळखीची म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय. चाचणीत गाडी रोलरवर चढवतात. ती जागची हलत नाही. चाकं रोलर फिरवतात आणि रस्ता व वारा मिळून जेवढा अडथळा करतील तेवढा रोलर करतो. समोर भलामोठा पंखा. चालकापुढे पडद्यावर वेगाचा आलेख असतो आणि त्या रेषेबरहुकूम गाडी ‘चालवायची’ असते. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्या आतला. पहिली ७८० सेकंदं शहराची: १९५ सेकंदांचं एकच वेळापत्रक चार वेळा, कमाल वेग ५०. उरलेल्या ४०० सेकंदांत हायवे, कमाल वेग ९०. अंतर साधारण साडेदहा किलोमीटर. एसी बंद.

या आलेखात शून्यावरून ५० पर्यंत जायला तब्बल २६ सेकंदं दिलेली आहेत. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटल्यावर इतक्या सावकाश पन्नास गाठून बघा. दहाव्या सेकंदाला मागचा रिक्षावाला तुमच्या घराण्याची चौकशी सुरू करेल. मूळ आराखडा युरोपातला, त्यातला शहराचा भाग १९७० च्या सुमाराचा. आपण त्यातला हायवेचा कमाल वेग १२० वरून ९० वर आणून तो वापरायला घेतला. खुद्द युरोपने २०१७ पासून ही पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली, कारण कागदावरचं आणि रस्त्यावरचं मायलेज यांतली फट फारच रुंदावली होती. म्हणून कंपनी थापा मारते असं मी म्हणणार नाही. सगळ्या गाड्या एकाच परीक्षेला बसतात, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला आकडा उपयोगाचा आहे. महिन्याच्या पेट्रोलचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नये.

मग रस्त्यावर पेट्रोल जातं कुठे? शाळेतलाच हिशेब करू. गाडी आणि आतली दोन माणसं मिळून १३०० किलो धरा. ताशी ५० च्या वेगात तिची गतिज ऊर्जा भरते सुमारे १२५ किलोज्यूल. पुढे लाल दिवा दिसला, ब्रेक दाबला, की ही सगळी ऊर्जा डिस्क तापवण्यात खर्ची पडली. दिवा हिरवा झाल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून मिळवायची. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२,००० च्या आसपास किलोज्यूल असतात. शहरातल्या रखडत्या चालीत त्यातला पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं मानलं, तर १२५ किलोज्यूल परत मिळवायला २० मिलिलिटर पेट्रोल लागतं. शंभरीच्या आगेमागे भाव असताना याचे झाले दोन रुपये. आता याच गाडीला सपाट रस्त्यावर किलोमीटरभर नेताना टायरांच्या विरोधापोटी किती काम करावं लागतं? तेही साधारण १२५ किलोज्यूलच. पन्नासच्या वेगात मारलेला एक कडक ब्रेक म्हणजे किलोमीटरभराचं टायरांचं भाडं नाल्यात. हायब्रिड गाड्या शहरात भाव खातात त्या याचमुळे; ब्रेक मारताना त्या ही ऊर्जा थोडीफार तरी बॅटरीत परत घेतात.

म्हणूनच मायलेज वाढवायचं तर नजर पुढच्या बंपरवर न ठेवता पुढच्या सिग्नलवर ठेवावी. दिवा लाल दिसतोय, तर अॅक्सिलरेटरवरचा पाय आत्ताच उचलायचा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाने, घाईघाईने रेस करून करकचून ब्रेक मारण्याची सवय शहरातलं मायलेज १० ते ४० टक्क्यांनी खाली आणू शकते. दुसरा कुठलाही उपाय याच्या जवळपास फिरकत नाही.

पण चालकाला सगळा दोष देऊन चालणार नाही. इंजिनाचीही एक जुनी खोड आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची म्हणजे आत येणारी हवा अडवायची. त्यासाठी वाटेत एक झडप असते. हलक्या पायाने गाडी चालवता तेव्हा ती जवळजवळ बंद असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढावी लागते. नाक चिमटीत धरून पर्वती चढून बघा, म्हणजे इंजिनाची अवस्था कळेल: अर्धा दम श्वास घेण्यातच जातो. मोठं इंजिन गर्दीत रांगत असतं तेव्हा ते सतत असं नाक दाबून पळत असतं. डिझेल इंजिनात हवा अशी अडवायची गरज नसते. रांगत्या गर्दीत डिझेल गाड्या पेट्रोलला हरवतात त्याचं हे एक मोठं कारण. वरचा गिअर लवकर टाका असं जाणते लोक सांगतात तेही याचसाठी. फेरे कमी झाले की तेवढ्याच ताकदीसाठी झडप जास्त उघडावी लागते आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. सिग्नलवरून निघताना गोगलगायीसारखं सरकण्यात फायदा नाही. बेताने पण ठामपणे वेग घेऊन लवकर वरच्या गिअरवर जाणं जास्त फायद्याचं.

नव्या सेडानमध्ये एक लिटरची टर्बो इंजिनं आली ती यावरचाच उतारा म्हणून. इंजिन छोटं ठेवलं की झडप बरीच उघडी राहते आणि जादा ताकद हवी तेव्हा टर्बो हवा कोंबतो. रोलरवरच्या त्या २६ सेकंदांच्या सावकाश परीक्षेत टर्बोला फारसं कामच पडत नाही, त्यामुळे गुण भरघोस. रस्त्यावर मात्र टर्बोचा धक्का आवडतो म्हणून आपण तो पुन:पुन्हा मागतो, आणि छोटं इंजिन मोठ्या इंजिनाइतकं पिऊ लागतं. ही गाडी विकताना ‘ताकदही आणि मायलेजही’ अशी जाहिरात करतात. दोन्ही मिळतं, पण एकाच वेळी नाही.

एसीचं गणित वेगळं आहे. तो किलोमीटरवर पेट्रोल खात नाही, तासावर खातो. तासाला अर्धा लिटर धरा. ताशी ६० ने चालताना किलोमीटरमागे जेमतेम ८ मिलिलिटर; ताशी १५ ने सिंहगड रस्त्यावर रखडताना किलोमीटरमागे ३३. उभ्या गाडीचं इंजिन तर असंही तासाला अर्धा-पाऊण लिटर फुंकत असतं. घरापासून ऑफिस चार किलोमीटरवर असेल तर आणखी एक घट: इंजिन आणि ऑइल धड तापायच्या आत प्रवास संपतो. थंड ऑइल घट्ट असतं, घर्षण वाढतं. इथे ओळखीच्या मेकॅनिकचा ‘जाड ऑइल टाकू, इंजिन टिकेल’ हा सल्ला ऐकू नये. पुस्तिकेत झीरो-डब्ल्यू-वीस लिहिलं असेल तर तेच टाकावं.

ई-२० वरून सध्या बराच गदारोळ आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक-तृतीयांश कमी, म्हणून २० टक्के मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींना ६ ते ७ टक्के फटका धरला होता. ई-२० साठी जुळवलेल्या नव्या गाडीत, इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनचा उपयोग करून घेता येत असल्याने, तो १-२ टक्क्यांवर येतो. १९ चे ११ होण्याचं खापर उसावर फोडता येणार नाही.

आता टायरांतली हवा, आणि माझ्या आवडीचा एक विस्मृतीत गेलेला माणूस. हवेच्या टायरचा जनक म्हणून डनलॉपचं नाव सगळ्यांना पाठ असतं: बेलफास्टचा पशुवैद्य, मुलाची तीनचाकी, १८८८ चं पेटंट. हे पेटंट दोन वर्षांत रद्दबातल ठरलं, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाने १८४५ सालीच तीच कल्पना पेटंट केली होती. वय वर्षे २३. रबर चढवलेल्या कापडाची नळी, वर चामड्याचं वेष्टण, आत दाबलेली हवा. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने ही ‘हवाई चाकं’ लावलेली घोडागाडी चालवून दाखवली. मला मौज वाटते ती त्याच्या पेटंटमध्ये दिलेल्या कारणांची. पहिलं कारण गाडी ओढायला लागणारी शक्ती कमी करणं. बसणाऱ्याचा आराम आणि आवाज हे त्यानंतर. म्हणजे हवेचा टायर जन्माला आला तोच मायलेजसाठी, फक्त इंधन होतं घोड्याचा चारा. नुसता दावा करून तो थांबला नाही. साध्या आणि हवेच्या चाकांना लागणारी ओढ त्याने गुळगुळीत रस्त्यावर आणि ताज्या फोडलेल्या खडीवर मोजून ताडून पाहिली, आणि खडीवर फायदा कितीतरी जास्त निघाला. आपल्या रस्त्यांचा विचार त्याने आधीच करून ठेवला होता म्हणायचं.

पण रबर महाग, सायकलीचं वेड यायचं होतं, आणि मोटार तर जन्मलीच नव्हती. थॉमसन दुसऱ्या कामांना लागला. जावामध्ये साखरेची यंत्रं बनवली, पुढे भरीव रबरी चाकांवर धावणारी वाफेची गाडी केली. अशा गाड्या क्रॉम्प्टन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात हिंदुस्थानातही आणल्या. १८७३ साली थॉमसन वारला. टायरवर नाव मात्र डनलॉपचं राहिलं.

थॉमसनवरच्या प्रेमापोटी आकडा फुगवणार नाही. चारही चाकांत एक पीएसआय हवा कमी झाली तर मायलेज सरासरी ०.२ टक्क्यांनीच घसरतं. आठ पीएसआय कमी म्हणजे दीडेक टक्का. पण ही बचत फुकट आहे, आणि पंपावरचा पोऱ्या ‘तीस मारू?’ विचारतो तेव्हा त्याच्या मनातला तीस हा तुमच्या गाडीचा असेलच असं नाही. खरा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा असतो. वीस किलोमीटर चालवून तापलेल्या टायरात दाब दोन-चार पीएसआय जास्तच दिसणार. शेजारी ‘नायट्रोजन भरा’ अशी पाटी असते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे, तोही विनामूल्य.

पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक याच जातीचं. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही. डॅशबोर्डखाली खोचायच्या ‘इको’ डब्यांत बहुधा लुकलुकणारा दिवा सोडून काही नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर उपकरणं तपासली आणि मोजकीच कशीबशी थोडा फरक दाखवू शकली. हौसेने एक साइज मोठी अलॉय आणि रुंद टायर लावणारे मात्र मायलेज नक्की बदलून दाखवतात, उलट्या दिशेने.

हायवेवर वैरी बदलतो. ताशी ६५ च्या पुढे वाऱ्याचा विरोध टायरांच्या विरोधाला मागे टाकतो आणि वेगाच्या वर्गाने वाढत जातो. समृद्धीवर ९० ऐवजी १२० ने गेलात तर दर किलोमीटरला जवळपास दीडपट काम. तेव्हा खिडक्या लावून एसी चालू ठेवलेला परवडतो.

शेवटी अपेक्षा किती ठेवायची? ११ चे साडेबारा-तेरा होतील. १९ साठी वेताळ टेकडीवरच जावं लागेल. आणि घाटात न्यूट्रलवर गाडी सोडायची जुन्या फियाटची सवय असेल तर ती मोडा. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्याने पेट्रोल वाचायचं. आजच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून पाय उचलला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावं लागतं. शिवाय उतारावर इंजिनाचा लगाम सुटतो तो वेगळाच. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गिअरमध्ये पाय उचलून बघा. बऱ्याच गाड्यांत पडद्यावर ९९.९ उमटतं. ते बिघडलेलं नसतं, त्याहून मोठा आकडा लिहायला जागा नसते. परतीच्या वाटेवर तोच पडदा चार-पाच दाखवतो, तेही खरंच असतं.