स्वमग्न व अतिचंचल बालके : साहाय्यव्यवस्था

मेंदूच्या वाढीतील वेगळेपणामुळे बालवयातच व्यक्त होणाऱ्या दोन अवस्थांना अनुक्रमे ‘स्वमग्नता’ (ऑटिझम) आणि ‘अवधानन्यूनता-अतिचंचलता’ (एडीएचडी) असे म्हणतात. पहिलीत परस्पर सामाजिक संबंध व संज्ञापन यांत अडचणी असतात आणि त्याच त्या कृती, ठरावीक क्रमाचा आग्रह व ध्वनि-स्पर्शादी संवेदनांना असाधारण प्रतिसाद आढळतो. दुसरीत वयाच्या मानाने अवधान टिकत नाही किंवा चंचलता व उतावीळपणा फार असतो किंवा दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात. या दोन्ही अवस्था एकाच बालकात असू शकतात. त्यांचे समूळ निर्मूलन करणारे औषध उपलब्ध नाही; तथापि योग्य वेळी मिळालेल्या साहाय्याने बालकाचे बोलणे, शिकणे व स्वावलंबन यांत लक्षणीय प्रगती होऊ शकते. म्हणून निदानाइतकेच, त्यानंतर कुटुंबाला व शिक्षकाला कोणते साहाय्य कोठे मिळते, या प्रश्नालाही महत्त्व आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात त्याचा विचार येथे केला आहे.

इतिहास : स्वमग्नतादर्शक ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी प्रथम छिन्नमानसाच्या एका लक्षणासाठी वापरला. बालकांच्या संदर्भात त्याला आजचा अर्थ लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांच्या १९४३ मधील निबंधाने प्राप्त झाला. त्यात त्यांनी अकरा बालकांचे वर्णन केले होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर (१९०६–८०) यांनी अशाच मुलांविषयी लिहिले. त्यानंतर सु. दोन दशके आईच्या भावशून्य वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, असा समज प्रचलित होता. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये त्याला आव्हान दिले, तर सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. लोर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांच्या १९७९ मधील पाहणीने या अवस्थेची व्याप्ती कॅनर यांच्या वर्णनापेक्षा पुष्कळ मोठी असल्याचे दिसून आले. अतिचंचलतेचे प्रारंभीचे वैद्यकीय वर्णन जॉर्ज स्टिल (१८६८–१९४१) यांच्या १९०२ मधील व्याख्यानांत आढळते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. दोन्ही निदाने एकाच बालकाला देण्याची मुभा मात्र २०१३ च्या आवृत्तीने दिली.

आईला दोष देणारी उपपत्ती शास्त्राने टाकून दिली असली, तरी समाजातून ती पुरती गेलेली नाही. ‘लाडाने बिघडवले’, ‘फार मोबाइल दिला’, ‘वडीलही उशिराच बोलू लागले होते’ अशा स्पष्टीकरणांत मौल्यवान काळ निघून जातो. लसीकरणामुळे स्वमग्नता येते, हा दावाही निराधार ठरला आहे. तो पुढे करणारा १९९८ चा निबंध संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

प्रमाण : भारतातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ बालकांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर गोवा हे त्यांपैकी एक ठिकाण होते. या वयातील आठांपैकी एका बालकापर्यंत मज्जाविकासाशी निगडित नऊ अवस्थांपैकी किमान एक अवस्था असू शकते, असा अंदाज तीत व्यक्त झाला. स्वमग्नता व अतिचंचलता या दोहोंचा या नऊ अवस्थांत समावेश होता.

ओळख व निदान : एक वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारल्यावर न वळणे, दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटाने न दाखविणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे वाक्य न बोलणे, आलेली बोली नाहीशी होणे ही स्वमग्नतेच्या संदर्भात त्वरित तपासणीची कारणे होत. अशा वेळी श्रवणचाचणी आधी करावी लागते, कारण बहिरेपणातही यांपैकी काही लक्षणे दिसतात. भारतात स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस घटकांची श्रेणी वापरली जाते. अतिचंचलतेचे निदान एका भेटीत करता येत नाही. लक्षणे बारा वर्षे वयाच्या आत सुरू झालेली असावी लागतात. ती किमान सहा महिने आणि घर व शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून शिक्षकाचे लेखी निरीक्षण हा निदानाचा आवश्यक भाग ठरतो.

उपचार व प्रशिक्षण : स्वमग्नतेत वाचा-भाषा उपचार, व्यवसायोपचार, वर्तनाधिष्ठित व विकासाधिष्ठित प्रशिक्षण आणि विशेष शिक्षण यांचा बालकाच्या गरजेनुसार मेळ घालतात. तज्ज्ञाबरोबर आठवड्यातून दोन-तीन तासच मिळतात. उरलेला सारा काळ मूल घरी असते. त्यामुळे पालकांचे प्रशिक्षण ही उपचाराची पुरवणी नसून त्याचा गाभा होय. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६५ बालकांच्या कुटुंबांचा समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकविली. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. तज्ज्ञांची वाण असलेल्या भागांसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

अतिचंचलतेत शाळापूर्व वयात पालकांचे वर्तनप्रशिक्षण हाच पहिला उपाय मानतात. शालेय वयात आवश्यकतेनुसार मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूळ लक्षणांवर काटेकोर देखरेखीखालील औषधोपचार केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक परिणामकारक ठरले. मूळ लक्षणांपलीकडील काही बाबतींत दोहोंचा मेळ उपयुक्त दिसला.

मूळपेशींच्या उपचाराने स्वमग्नता बरी होते, अशा जाहिरातींपासून सावध राहणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये अशा उपचारांविरुद्ध मत दिले. विशेष शिक्षकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (१९९२ चा कायदा) असते. ती पाहून घेणे हा पालकांचा हक्क आहे.

कायदेशीर तरतुदी : राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ याच्या कक्षेत स्वमग्नता येते. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेखाली वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची सोय आहे. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकाची नियुक्ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने मिळतो. बालशिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा वंचित गटात समावेश केला.

अतिचंचलतेचे स्थान मात्र यांत अडचणीचे आहे. २१ प्रकारांत ती नाही. त्यामुळे केवळ या निदानावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. सोबत अध्ययन अक्षमता असल्यास त्या आधारे सवलती मिळू शकतात. अन्यथा सारा भार शाळेच्या समजूतदारपणावर पडतो आणि ‘खोडकर’ असा शिक्का बसून मूल शाळेतून बाहेर फेकले जाण्याचा धोका राहतो.

औद्योगिक पट्ट्यातील स्थिती : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाल्यापासून हा परिसर कारखान्यांचा झाला, पुढे चाकणपर्यंत वाहन व सुटे भाग यांच्या उद्योगांची रांग उभी राहिली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच परप्रांतांतून आलेली कुटुंबे येथे राहतात. पाळ्यांची नोकरी, एक-दोन खोल्यांचे बिऱ्हाड, आजी-आजोबा गावी आणि कंत्राटी कामगाराला रजेची चणचण, या परिस्थितीत मुलाचा वेगळेपणा प्रथम जाणवतो तो बहुधा आईला. तिच्या शंकेला दुजोरा देणारे मोठे माणूस घरात नसते. रुग्णालयात जायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते.

उपलब्ध साहाय्य दोन निरनिराळ्या प्रशासनांत विभागलेले आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या (स्थापना १९८२) हद्दीत संत तुकारामनगर येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे प्रमुख सार्वजनिक रुग्णालय होय. मोरवाडी येथे महापालिकेचे दिव्यांग भवन असून दिव्यांगांसाठी अर्थसाहाय्याच्या योजनाही महापालिका राबविते. विमाधारक कामगारांच्या कुटुंबीयांसाठी चिंचवडच्या मोहननगर भागात राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. चाकण हे खेड तालुक्यात असल्याने तेथील ग्रामीण भागाचा संबंध जिल्हा परिषदेची आरोग्ययंत्रणा व औंध येथील जिल्हा रुग्णालय यांच्याशी येतो. विशेष शिक्षणासाठी पुण्यातील कामायनी आणि स्वमग्नतेसाठी प्रसन्न ऑटिझम सेंटर या संस्थांचा उल्लेख करता येईल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (२०१३) या साखळीतील सर्वांत सोपी कडी आहे. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा व शासकीय शाळांतील मुलांना एकदा तपासतात. स्वमग्नता, भाषाविकासातील विलंब व अतिचंचलता हे त्यांच्या तपासणीचे विषय आहेत. संशयित बालकास पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. अडचण येते ती यानंतर. चिठ्ठी मिळते, परंतु केंद्र दूर असते. कुटुंब घर बदलते आणि पाठपुरावा तुटतो. खाजगी बालवाडीत जाणारे मूल तर या तपासणीत येतच नाही. म्हणून अंगणवाडीसेविका, आशा कार्यकर्ती व शिक्षक यांनी पहिली भेट प्रत्यक्ष होईपर्यंत कुटुंबाशी संपर्क ठेवणे, हे कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा अधिक उपयोगी ठरते. पालकांनीही तपासण्यांचे सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. बिऱ्हाड हलले, तरी त्यामुळे उपचाराचा धागा तुटत नाही.

घर व शाळा : दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, एका वेळी एकच छोटी सूचना देणे, खाऊ किंवा खेळणे देण्यापूर्वी क्षणभर थांबून मुलाला खुणेने वा शब्दाने मागण्याची संधी देणे, चांगल्या वर्तनाची लगेच दखल घेणे, या गोष्टींना खर्च येत नाही. वडिलांची पाळी बदलणार असेल, तर ते आदल्या दिवशी चित्राने दाखविता येते. कुकरची शिट्टी, ढोल-ताशे किंवा फटाके यांनी अस्वस्थ होणाऱ्या मुलास पूर्वसूचना द्यावी व शांत जागा ठेवावी. घरात मराठी, हिंदी वा कन्नड बोलली जात असेल, तर ती सोडून इंग्रजी धरण्याची गरज नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची वाढ खुंटते, यास आधार मिळालेला नाही. उलट, आई-वडिलांची सहज भाषा सुटल्यास संवादच आटतो. वर्गात अतिचंचल मुलास शिक्षकाजवळ बसविणे, मोठ्या कामाचे तुकडे करणे, फळा पुसणे किंवा वह्या वाटणे अशी उठण्याची कामे देणे हितावह असते.

पालकांच्या, विशेषतः आईच्या, मानसिक आरोग्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे. अशाच मुलांच्या इतर पालकांची भेट हाही मोठा आधार असतो. निदान झाले म्हणजे मूल बदलत नाही. त्याला समजून घेण्याची रीत बदलते. ती जितक्या लवकर बदलेल, तितका मुलाच्या वाढीचा काळ हाती राहतो.