जेनेट रँकिन : निवडणुकांचा इतिहास आणि सभागृहातील मतदान

प्रस्तावना

लोकप्रतिनिधीचे मूल्यमापन दोन प्रकारच्या मतांवरून करता येते. मतदारांनी त्याला दिलेली मते हा एक प्रकार, तर त्याने सभागृहात दिलेली मते हा दुसरा. निवडणूक निकालांचा अभ्यास सर्वत्र होतो. सभागृहातील मतदानाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. या दोन्ही नोंदी एकत्र वाचल्यास कोणते चित्र दिसते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या महिला सदस्य जेनेट रँकिन (1880-1973) यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. रँकिन यांनी दोन्ही वेळा युद्धाला विरोध केला आणि त्यामुळे दोन्ही वेळा त्यांचे पद गेले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे विधान कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मतदानाच्या नोंदीची पद्धत

अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील पाचव्या कलमानुसार, उपस्थित सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास प्रत्येक सदस्याचे मत कामकाजाच्या नोंदवहीत लिहावे लागते. त्या काळात अशा वेळी प्रत्येक सदस्याचे नाव पुकारले जाई आणि सदस्य ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘उपस्थित’ असे उत्तर देत असे. या पद्धतीमुळे शंभर वर्षांपूर्वीच्या सदस्याचे मतही आज नावानिशी तपासता येते.

भारतात बहुतांश विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. सदस्यांनी मागणी केल्यास किंवा घटनादुरुस्तीसारख्या विशेष बहुमताच्या प्रसंगी मतविभागणी होते. शिवाय 1985 मध्ये समाविष्ट झालेल्या दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. त्यामुळे भारतीय सदस्याच्या वैयक्तिक मतदानाचा असा सलग अभ्यास करणे कठीण जाते.

पहिला कार्यकाळ : 1917-1919

मोंटाना राज्यात 1914 मध्ये महिलांना मताधिकार मिळाला. त्या चळवळीत रँकिन अग्रभागी होत्या. 1916 मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षातर्फे प्रतिनिधीगृहाची निवडणूक लढविली. त्या वेळी संपूर्ण मोंटाना हा दोन जागांचा एकच मतदारसंघ होता. रँकिन यांना दुसऱ्या क्रमांकाची मते मिळाली आणि त्या निवडून आल्या. देशातील सर्व महिलांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती 1920 मध्ये अमलात आली. म्हणजे बहुसंख्य राज्यांतील महिलांना हा अधिकार नसतानाच एक महिला काँग्रेसमध्ये पोहोचली होती. याच निवडणुकीत मोंटानाने अध्यक्षपदासाठी वुड्रो विल्सन यांना कौल दिला. अमेरिकेला युद्धापासून दूर ठेवणारा अध्यक्ष हा विल्सन यांच्या प्रचाराचा प्रमुख मुद्दा होता, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

2 एप्रिल 1917 रोजी रँकिन यांचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी काँग्रेसपुढे ठेवली. यानंतरच्या प्रमुख मतदानांचा तपशील पुढीलप्रमाणे आहे.

1) 6 एप्रिल 1917 : जर्मनीविरुद्ध युद्ध. बाजूने 373, विरोधात 50. रँकिन यांचे मत विरोधात.
2) 7 डिसेंबर 1917 : ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध. बाजूने 365, विरोधात 1. रँकिन यांचे मत बाजूने.
3) 10 जानेवारी 1918 : महिला मताधिकाराची घटनादुरुस्ती. बाजूने 274, विरोधात 136. या चर्चेचा प्रारंभ रँकिन यांनी केला. पुढे हा प्रस्ताव सिनेटमध्ये फेटाळला गेला.

यातील दुसरी नोंद बहुधा दुर्लक्षिली जाते. युद्ध आधीच सुरू झालेले असून हा प्रस्ताव त्याचाच तांत्रिक भाग आहे, अशी भूमिका घेऊन रँकिन यांनी अनुकूल मत दिले. त्या दिवशी विरोध केला तो न्यूयॉर्कचे समाजवादी सदस्य मेयर लंडन यांनी. ‘प्रत्येक वेळी विरोध’ ही रँकिन यांची रूढ प्रतिमा या नोंदीपुढे टिकत नाही. एप्रिलमध्ये विरोधात मत देणारे उर्वरित 49 सदस्य पुरुष होते, तरी टीकेचा मोठा रोख रँकिन यांच्याकडे वळला. त्यांच्या मतामुळे मताधिकाराच्या चळवळीची हानी होईल, अशी भीती चळवळीतील काही नेत्यांनाही वाटली.

1918 च्या पराभवाची कारणे

या पराभवाचे कारण केवळ युद्धविरोधी मत होते, असे म्हणता येत नाही. जून 1917 मध्ये मोंटानातील ब्यूट येथील खाणीत आग लागून 168 कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या संघर्षात रँकिन यांनी कामगारांची बाजू घेतली आणि राज्यातील प्रबळ ॲनाकोंडा कंपनीचा रोष ओढवून घेतला. याच काळात राज्य विधिमंडळाने मोंटानाचे दोन स्वतंत्र मतदारसंघ केले. रँकिन यांच्या वाट्याला डेमोक्रॅटिक पक्षाचे प्राबल्य असलेला पश्चिम भाग आला. त्यामुळे त्यांनी सिनेटची निवडणूक लढविण्याचे ठरविले. रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत ऑस्कर लॅन्स्ट्रम यांनी त्यांचा पराभव केला. पुढे नॅशनल पार्टीच्या उमेदवार म्हणून त्या तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. म्हणजेच मतदारसंघाची पुनर्रचना, उद्योगसमूहाशी संघर्ष आणि युद्धविरोधी मत या तिन्ही घटकांचा येथे एकत्रित विचार करावा लागतो.

दुसरा कार्यकाळ : 1941-1943

बावीस वर्षांनंतर, 1940 मध्ये, साठ वर्षांच्या रँकिन पुन्हा निवडणुकीस उभ्या राहिल्या. प्राथमिक निवडणुकीत त्यांनी स्वपक्षाचे विद्यमान सदस्य जेकब थॉर्केल्सन यांना, तर मुख्य निवडणुकीत माजी सदस्य जेरी ओकॉनेल यांना पराभूत केले. अमेरिकेने युरोपातील युद्धापासून अलिप्त राहावे, हीच त्यांची उघड भूमिका होती. 1917 मध्ये टीकेचा विषय झालेली भूमिका 1940 मध्ये निवडून येण्याच्या आड आली नाही.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर परिस्थिती पालटली. 8 डिसेंबर 1941 रोजी जपानविरुद्धच्या युद्धाचा ठराव प्रतिनिधीगृहात 388 विरुद्ध 1 असा संमत झाला. ते एक मत रँकिन यांचे होते. चर्चेत बोलण्याचा त्यांचा प्रयत्न सभापती सॅम रेबर्न यांनी मान्य केला नाही. मतदानानंतर संतप्त जमावापासून बचावासाठी त्यांना टेलिफोन बूथमध्ये आश्रय घ्यावा लागला. कॅन्ससमधील संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी या मताशी असहमती नोंदवूनही त्यामागील धैर्याची प्रशंसा केली. तीन दिवसांनी जर्मनी व इटलीविरुद्धच्या ठरावांवर मात्र रँकिन यांनी केवळ ‘उपस्थित’ अशी नोंद केली. 1942 मध्ये त्यांनी निवडणूक लढविली नाही. त्यामुळे ‘मतदारांनी दुसऱ्यांदा नाकारले’ असेही काटेकोरपणे म्हणता येत नाही. 1946 पासून त्यांनी अनेक वेळा भारताला भेट दिली. गांधीजींच्या अहिंसाविचाराचे त्यांना विशेष आकर्षण होते.

विवेचन

एडमंड बर्क यांनी 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे मांडलेला प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रतिनिधीने मतदारांची तात्कालिक इच्छा प्रमाण मानावी की स्वतःची विवेकबुद्धी? रँकिन यांच्याबाबत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 1941 मध्ये त्यांनी स्वतःच्या विवेकाबरोबरच वर्षापूर्वी मतदारांपुढे मांडलेली भूमिकाही पाळली होती. बदलले होते ते मतदारांचे मत. निवडणुकीच्या वेळचा जनादेश आणि मतदानाच्या क्षणीचे लोकमत यांत विरोध निर्माण झाल्यास प्रतिनिधी कोणाशी बांधील असतो, याचे उत्तर अमेरिकन राज्यघटनेत लिहिलेले नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, एखाद्या मताचा आणि त्यानंतरच्या पराभवाचा थेट कार्यकारणसंबंध जोडण्यापूर्वी मतदारसंघाची रचना व स्थानिक हितसंबंध तपासले पाहिजेत. दुसरी, एका गाजलेल्या मतावरून प्रतिनिधीची प्रतिमा ठरविण्याऐवजी त्याच्या मतदानाची संपूर्ण नोंद पाहिली पाहिजे. रँकिन यांच्या नोंदीत विरोध, संमती आणि तटस्थता या तिन्ही भूमिका आढळतात. तिसरी, असा अभ्यास शक्य होतो तो प्रत्येक मत नावानिशी नोंदले गेल्यामुळेच. 388 विरुद्ध 1 या निकालात त्या एका मताने काहीही बदलले नाही. पण ते नोंदले गेले, म्हणून त्याचे समर्थन किंवा खंडन आजही करता येते. आवाजी मतदानात असे एकटे मत गोंगाटात विरून जाते, आणि त्याबरोबर प्रतिनिधीला जाब विचारण्याचे किंवा श्रेय देण्याचे मतदाराचे साधनही नाहीसे होते.