घरचे नेट बंद पडते तेव्हा

शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेश परीक्षेचा अर्ज, निकाल, वीजबिल ही सारी कामे आज इंटरनेटवर होतात. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरताना शेवटच्या तारखेला घरचे नेट बंद पडले, तर विद्यार्थ्याची वर्षाची शिष्यवृत्ती टांगणीला लागते. अशा वेळी बहुतेक घरांत भिंतीवरची डबी बंद-चालू केली जाते आणि तेवढ्याने भागले नाही, तर दिसेल ते बटण दाबले जाते. त्याने बिघाड सापडत नाही, उलट कधीकधी वाढतो. हा बिघाड शोधण्यास विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. बँकेत दिवसअखेर रोखीचा मेळ बसला नाही, तर आम्ही वही फाडून नवी लिहीत नाही. एकेक व्हाउचर तपासत जातो. येथेही तेच करावयाचे आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई. संगणकाच्या संकेतांचे टेलिफोनवरून जाऊ शकतील अशा ध्वनिसंकेतांत आणि त्यांचे पुन्हा संगणकाच्या संकेतांत रूपांतर करणारे यंत्र म्हणजे मोडेम. आता अनेक घरांत फायबर, म्हणजे काचेची बारीक तार येते व तिच्यातून माहिती प्रकाशाच्या रूपाने धावते. तिच्या टोकाच्या डबीलाही आपण सवयीने मोडेमच म्हणतो. राउटरचे काम वेगळे आहे. बाहेरून आलेली एक जोडणी घरातील सर्व फोन व संगणकांना वाटून देणे आणि प्रत्येकाला घरापुरता स्वतंत्र पत्ता देणे हे ते काम होय. काही घरांत दोन्ही कामे एकच डबी करते, तर काही घरांत दोन डब्या असतात.

म्हणजे या साखळीला चार कड्या आहेत : बाहेरून येणारी तार, मोडेम, राउटर आणि आपला फोन किंवा संगणक. कोणती कडी निखळली ते शोधले की अर्धे काम झाले.

पहिला प्रश्न असा विचारावा : नेट एकाच फोनवर बंद आहे की सगळ्यांवर? एकाच फोनवर बंद असेल, तर दोष बहुधा त्या फोनचा. त्यातील वायफाय बंद करून पुन्हा सुरू करावे. न जमल्यास ती जोडणी विसरायला लावून पासवर्ड नव्याने घालावा. सर्व संकेतस्थळे उघडतात, पण अर्जाचेच उघडत नाही, असे असेल तर राउटरला हात लावू नये. शेवटच्या दिवशी गर्दीमुळे संकेतस्थळच अडते. म्हणून अर्ज आधीच भरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नेट सर्वांचेच बंद असेल, तर मोडेमवरील दिवे पाहावेत. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर बाहेरून प्रकाशच पोचत नाही असे समजावे. तार कपाटामागे दुमडली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय, हे पाहावे. काचेची तार जास्त वाकली की प्रकाश बाहेर निसटतो. मात्र तिचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपायकारक ठरू शकतो. तार ठीक दिसूनही दिवा लालच राहिला, तर दोष बहुधा घराबाहेरचा. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असला, की कंपनीच्या यंत्राशी जोडणी झाली असे मानण्यास हरकत नाही.

पुढची कडी दोन डब्यांमधील वायर. ती राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या छिद्रातच हवी. झाडलोट करताना ती निघून शेजारच्या ‘लॅन’च्या छिद्रात बसवली जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. फोनवरील वायफायचे चिन्ह पाहून फसू नये. ते फक्त फोन व राउटर यांची जोडणी दाखवते, पुढे इंटरनेट आहे की नाही ते सांगत नाही. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर त्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही.

यानंतर डब्या बंद-चालू कराव्यात, पण क्रमाने. दोन्ही बंद करून अर्धा-एक मिनिट थांबावे. आधी मोडेम लावावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मग राउटर लावावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

आता एक इशारा. टाचणीने दाबावयाचे ‘रीसेट’ बटण म्हणजे बंद-चालू करण्याचे बटण नव्हे. ते दाबून धरले की राउटरमधील सर्व नोंदी पुसल्या जातात. त्यांत कंपनीने दिलेले वापरकर्ता-नाव व पासवर्डही असतात. ते वहीत लिहून ठेवलेले नसतील, तर माणूस येईपर्यंत नेट बंदच राहते.

नेट चालू पण मंद असेल, तर राउटरजवळ जाऊन पाहावे. ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्झचे दूर पोचते, पण वेग कमी. राउटर लोखंडी कपाटात किंवा कोपऱ्यात जमिनीवर ठेवू नये.

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. कोणता दिवा लाल आहे, कधीपासून आहे व आपण काय करून पाहिले ते सांगावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तोवर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडून अर्ज पुरा करावा.

विद्यार्थ्यांनी नेट चालू असतानाच डबीवरील दिव्यांचा एक फोटो काढून ठेवावा. बिघाडाच्या दिवशी तो समोर धरला, की कोणता दिवा बदलला ते लगेच कळते. ही माहिती शेजारच्या घरीही सांगावी. अर्ज त्यांच्याही मुलांना भरावयाचे असतात.