बुद्ध्यंकाचा आकडा : कोणाशी केलेली तुलना?

शाळेकडून चिठ्ठी येते, ‘आपल्या पाल्याची मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यावी.’ घरात काळजीचे सावट पसरते. काही दिवसांनी एक अहवाल हाती पडतो. त्यात एक आकडा असतो. मूल नेहमीच्या शाळेत राहणार की विशेष शाळेत जाणार, दहावीला सवलत मिळणार की नाही, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळणार की नाही, हे पुष्कळ अंशी त्या आकड्यावर ठरते. म्हणून हा आकडा तयार कसा होतो, हे आपल्या धर्मग्रामांतील पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या ज्या मुलांना वेगळ्या शिकवणीची गरज आहे ती मुले ओळखावीत, एवढाच तिचा हेतू होता. एखाद्या मुलावर कायमचा शिक्का मारावा, हे बिने यांना मुळीच अभिप्रेत नव्हते.

ताप मोजण्याचे यंत्र आणि बुद्धिमापन चाचणी यांत मोठा फरक आहे. ताप कोठेही मोजला तरी तेवढाच भरतो. बुद्ध्यंक मात्र तुलनेतून निघतो. चाचणी रचणारा संशोधक आधी शेकडो मुलांना ती देतो, कोणत्या वयाचे मूल साधारणपणे किती प्रश्न सोडवते याची कोष्टके तयार करतो आणि मग आपल्या मुलाची कामगिरी त्या कोष्टकात कोठे बसते ते पाहिले जाते. या कोष्टकांना मानके म्हणतात. मानके ज्या मुलांवरून बनली, ती मुले आपल्या मुलासारखी नसतील तर आकडा दिशाभूल करतो.

हे भान महाराष्ट्रात फार लवकर आले, ही अभिमानाची गोष्ट होय. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ साली ब्रिटनमधील शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात मांडले आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रातील डॉ. आर्थर मॅलिन यांनी अमेरिकेतील वेश्लर चाचणीला भारतीय मुलांसाठी नवे रूप दिले. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची ही चाचणी १९६९च्या सुमारास सिद्ध झाली. पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली. तेथील मानसशास्त्र विभागाने गिल्फर्ड यांच्या बुद्धिविषयक सिद्धांताच्या आधारे चाचण्या घडवल्या आणि त्यांचा उपयोग थेट विद्यार्थ्यांची निवड व शिक्षण यांसाठी केला. संशोधन करणारे आणि वापरणारे एकाच छताखाली, असे दृश्य आपल्याकडे विरळाच.

अडचण त्यानंतर सुरू होते. कामत आणि मॅलिन यांच्या चाचण्या अनेक चिकित्सालयांत दशकानुदशके वापरल्या जात राहिल्या. मानके मात्र जुनीच राहिली. न्यूझीलंडमधील संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले, की अनेक देशांत चाचण्यांवरील कामगिरी पिढीगणिक वाढत गेली आहे, दर दहा वर्षांना साधारण तीन गुणांनी. याचा अर्थ असा, की जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगलेला दिसू शकतो. समजा, प्रमाणपत्रासाठी ७० ही सीमा आहे आणि मुलाला जुन्या चाचणीत ७४ गुण मिळाले. ताज्या मानकांवर तेच मूल सीमेच्या खाली आले असते आणि त्याला हक्काची मदत मिळाली असती. प्रश्नही जुने होतात. तारसेवा २०१३ साली बंद झाली. तारेविषयी प्रश्न विचारला आणि मूल गप्प बसले, तर त्याला मंद म्हणायचे काय?

उलट दिशेची चूकही तितकीच घातक. चांदणी चौकालगतच्या बावधनचे उदाहरण घ्या. मुळशी तालुक्यातील या गावाचे रूप पुणे शहर वाढत गेले तसे पालटले. गावठाणाशेजारी उंच गृहसंकुले उभी राहिली. अशा वस्तीत इंग्रजी माध्यमाच्या एकाच वर्गात घरी मराठी बोलणारे, मल्याळम बोलणारे आणि बांधकामावर आलेल्या कुटुंबातील हिंदी बोलणारे मूल शेजारी बसू शकते. तिघांनाही इंग्रजी शब्दसंग्रहाची चाचणी दिली, तर बुद्धीऐवजी घरातील इंग्रजीच मोजले जाण्याचा धोका असतो. म्हणून अनुभवी मानसशास्त्रज्ञ शाब्दिक भागाबरोबरच ठोकळे व चित्रे यांवरील कृतीचा भाग घेतात आणि दोन्हींत मोठी तफावत दिसली तर एकच सरासरी आकडा देऊन मोकळे होत नाहीत.

मॅलिन यांचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. वाइनलँड सामाजिक परिपक्वता मोजपट्टीचे त्यांनी नागपुरात भारतीय रूप केले. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून वस्तू आणते का, हे त्यात पालकांना विचारतात. केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक दिव्यांगत्वाच्या टक्केवारीसाठी याच मोजपट्टीचा आधार घेण्यात आला. कागदावरच्या कोड्यांपेक्षा रोजच्या जगण्याला महत्त्व मिळाले, हे योग्यच झाले.

अध्ययन अक्षमतेबाबत महाराष्ट्राने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या. देशाच्या कायद्यात ती अक्षमता दिव्यांगत्व म्हणून आली ती २०१६ साली. ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ साली आल्यावर घराघरांत त्याविषयी बोलले जाऊ लागले, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु सवलतीचा कागद मिळण्यासाठी चाचणी लागते आणि मराठी माध्यमातील मुलाचे वाचन इंग्रजी उताऱ्यावर तपासले, तर निष्कर्ष कसा लागणार? चाचणी त्याच्या शिक्षणाच्या भाषेत व्हायला हवी.

नवी मानके का तयार होत नाहीत? काम वर्षानुवर्षांचे आणि खर्चिक आहे. पीएचडीसाठी रचलेली चाचणी प्रबंधासोबत कपाटात जाते. दुसरीकडे सरकारी रुग्णालयांत रांगा लावून मुले तपासली जातात. त्यांच्या नोंदी फायलींत धूळ खातात, संशोधकापर्यंत पोहोचत नाहीत. नाव-गाव वगळून आणि पालकांची संमती घेऊन याच नोंदी विद्यापीठांकडे गेल्या, तर मानके सुधारण्याचे निम्मे काम होईल.

तोपर्यंत पालकांनी संकोच न करता विचारावे : चाचणी कोणती, तिची मानके कोणत्या सालची, ती कोणत्या भाषेत घेतली? अहवालात एका आकड्याऐवजी ‘अमुक ते अमुक’ अशी कक्षा दिली आहे का, तेही पाहावे. कारण उत्तम चाचणीतही थोडाफार फरक पडतोच. तपासणाऱ्याचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत आहे का, हे विचारण्यात अपमान नाही. चाचणीचे प्रश्न आधी मिळवून मुलाकडून पाठ करून घेऊ नयेत. तसे केल्यास निष्कर्ष निरुपयोगी ठरतो.

संमतीची बाब केवळ मुलांपुरती नाही. २००८ साली व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षण विभागाने धर्मगुरुपदाच्या उमेदवारांसंबंधी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यायची असल्यास उमेदवाराने आधी सर्व समजून घेऊन, स्पष्टपणे आणि स्वखुशीने संमती दिली पाहिजे, असे तीत म्हटले आहे. आपल्या मुलाचा अहवाल नातेवाइकांच्या भ्रमणध्वनीवर पाठवण्यापूर्वी पालकांनी हे आठवावे.

अहवाल जपून ठेवावा. मूल लहान असेल तर दोन-तीन वर्षांनी फेरतपासणी करून घ्यावी आणि त्या वेळी जुना अहवाल सोबत न्यावा.